ती औषध घेते याची नाही, लपवून घेते याची काळजी

माझी एक मैत्रीण वजन कमी करण्याचं इंजेक्शन घेते. आठवड्यातून एकदा, पोटावरच्या कातडीखाली. औषधाचं नाव सेमाग्लुटाइड, आणि ते तिला डॉक्टरांनी लिहून दिलेलं आहे. हे सगळं तिला विचारून, तिला वाचून दाखवून लिहितेय. ओळख पटेल असं काही लिहायचं नाही, एवढी एकच तिची अट.

मी या औषधाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते, कारण काळजी वाटते म्हटलं की लोक लगेच तसाच अर्थ काढतात. कॉलेजपासून मी तिला पाहतेय. वजनासाठी तिने काय केलं नाही? उपाशी राहिली, जेवणाऐवजी पावडरी प्यायली, पहाटे उठून पळाली. दर वेळी वजन उतरायचं आणि दर वेळी व्याजासकट परत यायचं. आणि दर वेळी कुणीतरी तिला ‘मनावर घेतलं की होतं गं’ असं सांगायचं. तिने मनावर घेतलं नव्हतं असा एकही महिना मला आठवत नाही. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं, भुकेची संप्रेरकं पुढे कितीतरी महिने चढलेली राहतात, हे तिला पहिल्यांदा कुणी नीट समजावलं ते याच डॉक्टरांनी. तोवर रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती, साखर काठावर आली होती आणि गुडघा जिना चढू देत नव्हता.

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं एक संप्रेरक सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, जठर सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला ‘पुरे’ म्हणून सांगतं. आपलं स्वतःचं हे संप्रेरक रक्तात दोन-चार मिनिटांतच मोडतं. सेमाग्लुटाइड त्याचंच काम करतं, पण आठवडाभर टिकेल असं घडवलेलं आहे. इंजेक्शन सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी तिचा फोन आला. ती म्हणाली, “अगं, आज मी जेवून उठले आणि जेवणाचा विचार टेबलावरच राहिला. तुम्हा लोकांचं रोज असंच असतं का?” एवढी वर्षं तिच्या डोक्यात अखंड चालू असलेला तो घोषा थांबला होता. हे वाक्य मी विसरणार नाही. या औषधाला ‘शॉर्टकट’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकायला हवं होतं.

आकडेही तिच्या बाजूचेच आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जवळपास दोन हजार माणसं होती. ६८ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. औषधाविना नुसता आहार आणि व्यायाम करणाऱ्यांचं अडीच टक्क्यांच्या आसपास. २०२३ मध्ये आणखी एका चाचणीचे निकाल आले. तिच्यात १७,६०४ लोक होते, सगळ्यांना आधीपासून हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आणि वजन जास्त, पण मधुमेह नाही. त्यांच्यातल्या औषध घेणाऱ्यांमध्ये, न घेणाऱ्यांच्या तुलनेत, हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू हे तिन्ही मिळून २० टक्के कमी झाले.

मग माझी झोप का उडाली?

कारण तिने हे सगळ्यांपासून लपवलं. नवऱ्याला माहीत होतं, पुढे मला कळलं. तिसरं कुणी नाही. तिच्या ऑफिसात एक जण अशाच इंजेक्शनाने बारीक झाली होती आणि तिच्यामागे बोलणं चालायचं: “इंजेक्शन टोचून बारीक झाली, त्यात काय मोठं?” माझी मैत्रीण त्याच टेबलाशी बसून ते ऐकत होती. त्या दिवशी तिने ठरवलं की आपण कुणालाही सांगायचं नाही. लोक विचारायला लागले तेव्हा ती म्हणायची, “चालते रोज, गोड बंद केलंय.” दोन्ही खरंच होतं. पण मुख्य गोष्ट गाळलेली होती, आणि एकदा गाळल्यावर ती दर वेळी गाळावी लागते. कौतुक जसजसं वाढत गेलं तसतसं सांगणं आणखी अवघड झालं.

पुढचं सगळं या लपवण्यातून आलं.

पहिल्यांदा सुटलं ते डॉक्टरांकडे जाणं. त्या दवाखान्यात ओळखीचं कुणीतरी कामाला लागलं आणि हिने जायचंच बंद केलं. इंजेक्शन मात्र हवं होतं. ते इंटरनेटवरून मिळालं. एक फॉर्म, त्यात उंची आणि वजन, चार-सहा प्रश्नांपुढे खुणा, की झालं. समोरासमोर कुणी पाहिलं नाही, रक्तदाब कुणी मोजला नाही.

आणि आलं ते इंजेक्शनचं तयार पेन नव्हतंच. एक छोटी काचेची कुपी आली आणि सोबत सिरिंज. मी तिच्याकडे मुक्कामाला गेले होते तेव्हा फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला, मेकअपच्या पाऊचमध्ये ती मला दिसली. पाऊचमध्ये चिठोरं होतं आणि त्यावर तिच्या अक्षरात गणित. कुपीवर एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते छापलेलं, सिरिंजवर खुणा युनिटच्या. चिठोऱ्यावर एक आकडा खोडून दुसरा लिहिलेला, तोही खोडलेला, आणि शेवटच्या आकड्याभोवती दोनदा गोल. माझी मैत्रीण हुशार आहे, हिशोबाला पक्की आहे. पण औषध शरीरात किती जायचं हे रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभं राहून एकटीने ठरवायची गोष्ट नाही. पेनमध्ये ठरलेला डोस ठरल्याप्रमाणेच निघतो. कुपीतून ओढताना मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट यांचा घोळ होतो. असा घोळ झालेल्या रुग्णांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये इशारा दिला होता. काहींनी हव्या त्या डोसच्या पाचपट ते वीसपट औषध टोचून घेतलं होतं आणि त्यातल्या काहींना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. त्याच वर्षी जून महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगभर सावध केलं. म्हणजे अशा वाटेने आलेल्या कुपीत नक्की काय आहे, इथपासूनच प्रश्न.

डोस तिने स्वतःच वाढवला होता, कारण वजन उतरायचं थांबलं होतं. हे थांबणं अपेक्षितच असतं. पण ते सांगायला समोर कुणी नव्हतं. वजनासाठी हे औषध सुरू करतात तेव्हा पहिले चार आठवडे आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅम, मग ०.५, मग १, मग १.७ आणि मग २.४, अशा पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीवर साधारण महिनाभर. पोटाला सवय व्हावी म्हणून. कुणाला वरच्या पायरीवर जायची गरजही पडत नाही, कुणाला एखादी उतरावी लागते. तिने मधली पायरी गाळली. मग दोन-तीन दिवस उलट्या. घरी आणि ऑफिसात “ॲसिडिटी झालीय” म्हणून सांगितलं. हे औषध शरीरातून अर्ध्यावर यायलाच सुमारे आठवडा घेतं आणि पूर्ण जायला पाच आठवड्यांच्या आसपास. जास्त गेलं तर उद्या उतरेल असं होत नाही. ते दिवस काढावेच लागतात. आणि उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं की त्याचा मार मूत्रपिंडाला बसतो.

माझ्या नजरेत पहिल्यांदा आली ती वेगळीच गोष्ट होती. जिना उतरताना ती कठडा धरायला लागली होती. पूर्वी चढताना धरायची, गुडघ्यामुळे. आता उतरताना, आणि पायरी उतरायच्या आधी क्षणभर थांबून. मी विचारलं तर म्हणाली, “उठलं की डोळ्यापुढे अंधारी येते, एवढंच.” ती अजूनही रक्तदाबाची जुनी गोळी जुन्याच प्रमाणात घेत होती. वजन एवढं उतरलं की रक्तदाबही बऱ्याचदा उतरतो, आणि मग तीच गोळी जास्त होते. वर पाणी कमी, जेवण कमी. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शनाची खबर नाही, इंजेक्शन देणाऱ्या वेबसाइटला गोळीची नाही. दोन्ही माहीत असलेली माणसं म्हणजे ती आणि तिचा नवरा, आणि ते दोघेही डॉक्टर नाहीत.

केसही मुठीने जात होते. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा असं होतं आणि बहुतेकांचे परत येतात, म्हणून त्याचं मला फारसं वाटलं नाही. दंडातली ताकद गेली होती त्याचं वाटलं. या औषधाच्या मोठ्या चाचणीतल्या काही जणांचं शरीर स्कॅन करून पाहिलं होतं. गेलेल्या वजनात चरबी नसलेला भाग, म्हणजे स्नायू वगैरे, सुमारे ४० टक्के होता. म्हणून पुरेशी प्रथिनं आणि वजन उचलण्याचा व्यायाम सोबत हवाच. दिवसाकाठी चार घास खाणाऱ्या बाईला तो व्यायाम कुठून झेपणार?

मी तिच्याशी बोलले. जेवणाच्या टेबलावर नाही, आणि वजनाचा शब्दही काढला नाही. पाणी किती पितेस, चक्कर किती वेळा येते, पोट साफ होतं का, शेवटची रक्ततपासणी कधी केली होतीस, असं विचारत गेले. ती आधी उत्तरं देत होती. मग एकदम म्हणाली, “तुलाही मी जाडीच बरी वाटायचे का?”

त्यावर चटकन काही बोलता आलं नाही. हा प्रश्न ती मला एकटीला विचारत नव्हती. जन्मभर ज्यांनी तिच्या ताटात डोकावलं त्या सगळ्यांना विचारत होती. थोड्या वेळाने मी म्हटलं, “तू इंजेक्शन बंद कर असं मी म्हणतच नाहीये. तू ते एकटीने घेऊ नकोस, एवढंच म्हणतेय.” आमचं बोलणं तिथेच थांबलं. नंतर बरेच दिवस फोनही जेमतेम झाला.

मग गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. दुर्बिणीतून करायचं, तसं छोटंच, पण भूल द्यायची होती. आधी भरायच्या फॉर्मवर ‘सध्या चालू असलेली औषधं’ असा रकाना होता. तिने तिथे रक्तदाबाची गोळी लिहिली आणि पुढे रेघ मारली. त्या फॉर्मचा फोटो तिने मला दुसऱ्याच कुठल्या कारणासाठी पाठवला आणि ती रेघ पाहून माझ्या पोटात गोळा आला.

भूल देण्याआधी उपाशी ठेवतात ते जठर रिकामं असावं म्हणून. बेशुद्धीत जठरातलं अन्न वर आलं तर ते श्वासनलिकेत, फुप्फुसात जाऊ शकतं, आणि ते जिवावर बेततं. ही इंजेक्शनं जठर रिकामं व्हायचा वेगच कमी करतात. म्हणजे ठरल्याप्रमाणे उपाशी राहिलेल्या माणसाच्या पोटातही अन्न शिल्लक असू शकतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आठवड्याचं इंजेक्शन ऑपरेशनच्या आठवडाभर आधी थांबवा असं सुचवलं. पुढच्या वर्षी अनेक संघटनांनी मिळून म्हटलं की सरसकट सगळ्यांचं थांबवायची गरज नाही. ज्यांना धोका जास्त त्यांना आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ द्यावेत, लागलं तर सोनोग्राफीने जठर बघावं, आणि निर्णय माणूस पाहून घ्यावा. सल्ला बदलत राहील. पण यातलं काहीही करायचं तर रुग्ण हे इंजेक्शन घेतो हे भूलतज्ज्ञाला माहीत तर हवं! तिच्या फॉर्मवर तिथे रेघ होती.

मी तिला फोन करून हे जसंच्या तसं सांगितलं. या वेळी आवाज चढला माझा. म्हटलं, ऑफिसात सांगू नकोस, नातेवाइकांना सांगू नकोस, कुणाला काय सांगायचं तो तुझा हक्क आहे. पण तुला बेशुद्ध करणाऱ्या माणसापासून तू हे लपवू शकत नाहीस. ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, “त्यांच्याकडे नर्स असतात गं. त्या बोलतील आपसात.”

एवढी लाज! औषधाची नव्हे, औषध लागलं याची. रक्तदाबाची गोळी लिहिताना तिचा हात अडखळला नाही. उच्च रक्तदाबाला कुणी आळशीपणा म्हणत नाही. वजनाला म्हणतात, आणि त्यावर उपचार घेतला तर फसवणूक म्हणतात. हे बोलणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. तुम्ही टेबलावर एक वाक्य टाकून उठून जाता. ते ऐकणारी बाई त्या वाक्यापायी कुपीतून अंदाजाने औषध ओढते.

या धास्तीला जुनं कारणही आहे, ते मान्य. पुढे तिच्या आईलाही हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “असल्या औषधांनी लोकांची हृदयं गेलीत.” खरंच गेली होती. फेनफ्लुरामिन हे वजन कमी करण्याचं जुनं औषध १९९७ मध्ये बाजारातून काढावं लागलं ते हृदयाच्या झडपा खराब होत होत्या म्हणून. तशाच कामाचं सिब्युट्रामिन २०१० मध्ये गेलं, कारण हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका. आताचं औषध त्या जातीचं नाही आणि त्याच्यामागे हृदयरुग्णांवरचा इतका मोठा अभ्यास आहे, हे त्यांना शांतपणे सांगितल्यावर पटलं. पण जोखीम नाहीच असंही नाही. पोटात वर जोरात कळ येऊन ती पाठीत गेली आणि सोबत उलट्या असल्या, तर तो स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नाही. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. स्वतःला किंवा घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झालेला असेल तर हे औषध घ्यायचंच नाही. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवायचं. आणि याच प्रकारचं टिरझेपाटाइड घेणाऱ्या बायकांसाठी एक: ते सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे नुसत्या गर्भनिरोधक गोळीवर विसंबायचं नाही, दुसरा उपायही वापरायचा. हे प्रश्न समोर बसलेल्या डॉक्टरांनी विचारायचे असतात. तिच्या त्या इंटरनेटवरच्या फॉर्ममध्ये थायरॉइडचा प्रश्न होता, पण तिने वाचायच्या आधीच ‘नाही’वर खूण केली होती. तिनेच मला सांगितलं.

दोन दिवसांनी तिचा मेसेज आला: “डॉक्टरांकडे येतेस का सोबत?” जुन्याच डॉक्टरांकडे. त्या ओरडल्या नाहीत. कुपी आणि चिठोरं दोन्ही नीट पाहिलं, कुपी ठेवून घेतली, उभं करून आणि झोपवून रक्तदाब मोजला आणि गोळी अर्धी केली. मूत्रपिंडाची तपासणी लिहून दिली. अहवाल ठीक आला. इंजेक्शन काही आठवडे थांबवून पुन्हा पेनवर, खालच्या पायरीपासून सुरू करायचं ठरलं. तिथे तिने विचारलं, “आणखी थोडं वजन उतरलं की बंद करू ना?” तिच्या मनात तेच होतं. गुपचूप घ्यायचं, गुपचूप थांबवायचं, कुणाला कळायलाच नको. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की औषध थांबवलेल्या लोकांवर पुढे वर्षभर लक्ष ठेवलं तेव्हा गेलेल्या वजनापैकी सरासरी दोन तृतीयांश परत आलं होतं. बहुतेकांसाठी हे रक्तदाबाच्या गोळीसारखंच लांबचं औषध आहे. ते ऐकून तिचा चेहरा पडला. इतकी वर्षं लपवणं जमणार नाही, हे बहुधा तेव्हा तिच्या ध्यानात आलं. आम्ही त्यावर काही बोललो नाही.

आता ऑपरेशन जवळ आलंय. भूलतज्ज्ञांना तिने स्वतः सांगितलं, मी बाहेर बसले होते. त्यांनी शेवटचं इंजेक्शन कधी आणि किती मिलिग्रॅमचं घेतलं, मळमळ होते का, एवढं विचारून लिहून घेतलं आणि आदल्या दिवशी काय घ्यायचं ते सांगितलं. नर्सने मान वर करून पाहिलंही नाही म्हणे. ऑफिसात अजून कुणाला माहीत नाही. सासरी सांगायचं की नाही यावर तिचं आणि नवऱ्याचं अजून एकमत व्हायचंय, आणि त्यात मी पडत नाही. तिला दर रविवारी फोन करते. चक्कर, पाणी आणि व्यायाम विचारून घेते, मग आम्ही दुसरं बोलतो.